वहीतले दोरे कुणी काढले?

प्रिय आक्का,

तुझी वही काल परत आली. दोऱ्यांशिवाय.

एवढंच लिहून पेन खाली ठेवावं असं वाटत होतं. तुला तेवढ्यानं सगळं कळलं असतं. पण माझा राग तेवढ्यानं उतरत नाही. काल रात्री परतल्यापासून निपाणीच्या घरात भांडी आपटतेय, फोन उचलत नाही, शेजारीण विचारून गेली की बरं नाही का. बरं कसं असेल? ज्याच्यावर रागवायचं त्याच्यावर रागवून झालं. आता उरलीस तू आणि उरले मी. म्हणून हे पत्र.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हा तरी कुठं लिहिली होती म्हणा!

वही म्हणजे तीच गं, निळ्या पुठ्ठ्याची, लांबडी, कोपरे झिजून मऊ झालेली. बेळगावात, वडगावच्या आपल्या घरात, मागच्या सोप्यात, आप्पांच्या बंद पडलेल्या मागाशेजारी बसून तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस ती ह्या वहीतनं. समोर कोण असायचं? लूमवर जाणाऱ्या पोरी, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, दहावीला दोनदा बसलेले पोरगे. आणि त्यांना सगळ्यांत जास्त छळणारे ते पाच शब्द. व्हेरी, टू, सो, क्वाइट, इनफ.

आपल्याकडं ह्या पाचांना मिळून एकच शब्द. लई. लई गोड, लई उशीर, लई झालं, लई दिवसांनी आलतीस. एका शब्दात सगळं भागतं, मग पोरं इंग्रजीत हाताला येईल तो शब्द टाकून मोकळी होतात. कानडी बोलणाऱ्या पोरी आल्या तर त्यांचंही तेच, त्यांचं 'भाळ'. शाळेत त्यांना सांगतात, आधी तुमची भाषा विसरा. तू काय सांगायचीस? "इसरू नगा. लई हितनंच सुरू करू. पर कंचं लई, ते सांगा."

आणि मागाकडं बोट करायचीस.

"तार वढून बघ. ताण लई हाय, पर कापड झकास उतरतंय. हे व्हेरी. आता अजून पिळ. तुटली का न्हाय? हे टू. टू आला की काम अडलं म्हणून समजायचं. सो म्हणालीस की गप बसायचं न्हाय, मागनं काय झालं ते सांगायचं. ताण एवढा, एवढा, की तार तुटून इकडनं तिकडं पळणारा धोटा आप्पांच्या गुडघ्यावर आला! आन इनफ म्हंजे पुरं, हात काढ. त्यो दुसऱ्यांगत पुढं न्हाय घुसत. शब्दाच्या मागं बसतोय, शाण्या जावयागत."

हसून हसून पोरी लवंडायच्या. पण त्यानंतर चुकायच्या नाहीत. मी कॉन्व्हेंटात शिकले, आक्का. चांगली दहा वर्षं. आम्हाला नियम पाठ करायला लावले, सुंदर उच्चार शिकवले, काटा-चमचा कसा धरायचा तेही शिकवलं. पण टू आणि व्हेरी यांच्यात तार तुटण्याएवढं अंतर आहे, हे मला कुणी दाखवलं नाही. ते मी तुझ्या सोप्यात दारात उभी राहून ऐकलं, चाळिशीत, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता दोऱ्यांचं. ती रीत मूळची आपल्या वडलांची. आप्पा साडी उतरली की ती उजेडात धरून इंच न् इंच डोळ्यांखालनं घालायचे. कुठं तार तुटलेली दिसली, कुठं धोटा चुकलेला दिसला, की त्या जागी काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायचे. ओरडायचं नाही आणि दोष लपवायचाही नाही. ज्याच्या हातनं चूक झाली त्यानं गाठ शोधायची, सुईनं तार भरायची, आप्पांना दाखवायची. मनासारखं झालं की आप्पा स्वतःच्या हातानं गाठ सोडायचे. गाठ असलेली साडी घराबाहेर जायची नाही.

तू तेच पोरांच्या वह्यांना लावलंस. लाल शाई कधी हातात धरली नाहीस. "शाईनं पोराच्या तोंडावर मारल्यागत हुतंय," म्हणायचीस. चूक असेल त्या ओळीशी, पानाच्या कडेला सुईनं भोक पाडून दोरा ओवायचीस. पोरगी चूक शोधून दुरुस्त करून आणायची, तू बघायचीस आणि दोरा सोडायचीस. शेजारच्या शाळेतले मास्तर म्हणाले होते, "आक्का, वही हाय का तोरण?" तू म्हणालीस, "तोरणच. दोरा ऱ्हायला न्हाय की सण!"

तुझ्या स्वतःच्या वहीलाही दोरे होते. मी ते कितीदा बघितले. मला वाटलं, सवय. म्हाताऱ्या माणसांना असतात तशा. सोप्यात बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून ओवत असेल! किती सोपं असतं ना, माणसाला म्हातारं ठरवलं की पुढं काही विचारावं लागत नाही.

तुझं तेरावं झाल्यावर सुनील आला. तुझा सुनील, सगळ्यांत हुशार, ज्याच्या वहीचे दोरे सगळ्यांच्या आधी सुटायचे. आता टिळकवाडीत त्याचा मोठा क्लास आहे, काचेचं दार, भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू? म्हणाला, "मावशी, वही द्या. आक्काची आठवण म्हणून छापतो." मी दिली. एका क्षणात दिली! तुझ्या कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या हाती द्यायला मी चार दिवस लावले, आणि वही देताना तिच्यात काय आहे ते उघडून बघितलंही नाही.

काल त्यानं बोलावलं, छापण्याआधी एकदा नजर टाका म्हणून. मी निपाणीहून सकाळची बस धरली. आपल्या घराची किल्ली कस्तुरीकडं असते, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. तुझ्या शेवटच्या तीन महिन्यांत तुझ्या उशाशी जी बसली ती कस्तुरी. सदलग्याहून वडगावात सून म्हणून आली तेव्हा घरची भाषा कानडी, मराठी धड येत नव्हतं. तुझ्याकडं इंग्रजी शिकली आणि दवाखान्यात नर्स झाली. तुझी सख्खी बहीण मी. उशाशी ती.

सुनीलनं चहा मागवला. नमुन्याची पुस्तिका समोर ठेवली. चकचकीत. वरती टाय लावलेला एक गोरा माणूस हसतोय.

"बघा मावशी. कशी झालीय?"

"हा कोण रे?"

"तो असाच. फोटो मिळतात तसले."

"वडगावचा दिसत नाही."

कस्तुरी चहा पिता पिता हसली. मी पान उलटलं. व्हेरीचं उदाहरण : लंडनला थंडी फार असते. टूचं : कॉफी पिण्याजोगी नाही, एवढी गरम आहे. पुढं बर्फ, राजवाडा, विमान. मी पानं उलटत गेले, पुन्हा मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"सुनील, माग कुठं गेला?"

"मावशी, आताच्या पोरांनी माग कुठं बघितलाय? कॅम्पातल्या इंग्रजी शाळांतनं येतात माझ्याकडं. धोटा म्हटलं की हसतील."

"आणि लंडन बघितलंय त्यांनी?"

त्यानं बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली.

"बरं, लई कुठाय? आक्काचा धडा लईपासनं सुरू व्हायचा."

"मातृभाषा काढली. इंग्रजी इंग्रजीतनंच शिकवायचं, आता सगळीकडं असंच चालतं."

"तुला कशी शिकवली रे तिनं? इंग्रजीतनं? पहिल्या दिवशी तुला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, दाराआड लपला होतास. तुला बाहेर काढलं ते कुठल्या भाषेत?"

आक्का, माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेली पोरं काचेतनं बघायला लागली. मला लाज वाटली नाही. साठी उलटल्यावर एक सुख असतं, कुणी आपल्याला बाहेर काढत नाही.

मग मी तुझं नाव शोधलं. वर नव्हतं, आत नव्हतं. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ : 'या कामी एका स्थानिक ज्येष्ठ महिलेचे सहकार्य लाभले.'

स्थानिक ज्येष्ठ महिला!

तू म्हणजे काय पाणपोईवर बसलेली कुणी होतीस? वाटेत भेटलीस, पत्ता सांगितलास आणि गेलीस? सहावीतनं शाळा सुटलेली, मागासाठी सुताच्या कांड्या भरत भरत बाहेरून मॅट्रिक झालेली, चाळीस वर्षं एकही दिवस क्लास न चुकवलेली बाई. तिला नाव नाही?

"नावानं काय होतंय मावशी," सुनील म्हणाला, "आक्का कधी नावासाठी करत नव्हत्या."

हे वाक्य मला सहन होत नाही. जिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही तिला काही द्यायलाच नको, असा ह्याचा अर्थ होतो का? आणि बघ, हेच वाक्य मी स्वतः तुझ्याबद्दल किती जणांना सांगितलंय. कौतुकानं!

मी म्हटलं, "वही दे."

त्यानं कपाटातनं काढून दिली. हातात घेतली आणि कळलं, काहीतरी चुकलंय. वही हलकी लागली. सपाट. कडेनं बोट फिरवलं तर काही लागेना. एकही दोरा नाही.

"दोरे कुठायत?"

"ते होय? स्कॅन करताना अडकत होते. माझ्याकडच्या मुलीनं कातरीनं सगळे काढले, पानं दाबून सरळ केली." आणि मग, अगदी निरागसपणे, "तुम्हीच म्हणाला होता की फोनवर. जरा साफसूफ करून घे म्हणून."

म्हणाले होते. खरं आहे. मीच म्हणाले होते. मला त्या लोंबणाऱ्या दोऱ्यांची लाज वाटली होती. छापखान्यातली माणसं काय म्हणतील, असं वाटलं होतं.

कस्तुरीनं कप खाली ठेवला. "अय्यो! दोरे काढले? समदे?"

"का गं?"

"बाईरी, ते तुमचे होते की."

"माझे?"

"हौदरी, तुमचेच. आक्काला जे कळत न्हवतं तितं दोरा. मला म्हणायच्या, ह्ये बेबीला इचारायचं. कॉन्व्हेंटात शिकलीया, तिला ठाव असंल. शनवारी येणार हाय, तवा इचारते. हर शनवारी वही उशाला घेऊन बसायच्या."

सुनील पांढरा पडला. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते. त्यानं कचऱ्याची बादली उचकली, त्या मुलीला हाक मारली. दोरे पंधरा दिवसांपूर्वी झाडून टाकले होते. "मावशी, छापणं थांबवतो," म्हणाला. "मागाची उदाहरणं घालतो. आक्कांचं नाव वर घालतो, मोठ्या अक्षरात."

"घाल. घालायलाच पाहिजे. पण दोरे कुठनं आणशील?"

शनिवार! आक्का, निपाणीहून बेळगाव किती लांब आहे गं? गाडीत बसलं की संकेश्वर येतं, हत्तरगी येतं, एक डुलकी काढावी तर काकती. दीड-दोन तास. मी दर शनिवारी येते म्हणायचे आणि दर शनिवारी काहीतरी निघायचं. ऑफिस होतं तोवर ऑफिस, मग नातवंडं, मग गुडघे. तू फोन करायचीस. "बेबे, क्वाइट गुड म्हंजे बरं हाय, आन क्वाइट फिनिश्ड म्हंजे पार संपलं, असं कसं गं? ह्यो एकच शब्द दोन घरी जेवतोय काय?" मला हसू आलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं. ज्या गोष्टी कमी-जास्त होऊ शकतात, त्यांच्याशी तो बेताचा वागतो. आणि ज्यांना अध्येमध्ये थांबताच येत नाही, झालं तर झालंच, त्यांच्याशी तो पुरता होतो. दोन वाक्यांचं काम. मी म्हणाले, "आक्का, पाहुणे आलेत, शनिवारी सांगते."

त्या शनिवारी आले का मी? आठवत नाही. म्हणजे आले नसणार.

आम्ही सुनीलकडनं रिक्षानं वडगावला गेलो. कस्तुरीनं कुलूप काढलं. सोप्यात दुपारचं ऊन मागावर पडलं होतं. तुझी सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी होती. मी रडेन असं वाटलं होतं, पण रागानं रडू येत नव्हतं. कस्तुरी म्हणाली, "बाईरी, एक सांगू? रागावू नका."

आणि तिनं ते सांगितलं. शेवटच्या दिवसांत ती दर थोड्या वेळानं विचारायची, "आक्का, दुखतंय?" तू म्हणायचीस, "व्हेरी. टू न्हाय अजून." तू तिला दवाखान्यातल्या कामासाठी असंच शिकवलं होतंस ना? पेशंट सोसू शकतोय तोवर व्हेरी. सोसवेनासं झालं की टू, मग पळत डॉक्टरकडं जायचं. फोनवर मीही विचारलं होतं, आणि तू मलाही हेच सांगितलंस. मी काय म्हणाले? "अजून क्लास चालूच आहे का तुझा?" आणि हसले. तुला वाटलं असेल, हिला कळलं. मला काहीच कळलं नव्हतं. एका सकाळी तू कस्तुरीचा हात धरून नुसतं म्हणालीस, "टू." ती पळाली. मला फोन आला तेव्हा मी निपाणीत भाजी निवडत होते.

तुझी विद्यार्थिनी तुझा शब्द ऐकून पळाली. कॉन्व्हेंटात शिकलेली तुझी बहीण हसली. हे कुठल्या पुस्तिकेत छापायचं?

मग मी वही घेऊन उंबऱ्यावर बसले. म्हटलं, दोरे गेले, पण सुईनं पाडलेली भोकं तर जाणार नाहीत? पान उन्हात धरलं. होतं! कडेला, टाचणीच्या टोकाएवढं, उजेडाचा एक ठिपका. आप्पा साडी धरायचे तसं मी एकेक पान उन्हाकडं धरत गेले. कस्तुरी मागच्या खोलीतनं तुझा लाल दोऱ्याचा बंडल आणि सुई घेऊन आली. भोक सापडलं की ती ओवायची. एकतीस भोकं सापडली, आक्का. एकतीस प्रश्न. तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरातल्या ओळींच्या कडेला. 'व्हेरी मच चालते, मग नुसतं मच का अडखळते?' 'सो आणि सच, भाऊ की चुलतभाऊ?' एकेका प्रश्नाला मला चार मिनिटं लागली असती.

रागवू का तुझ्यावर थोडी? रागावतेच. का ओढून आणलं नाहीस मला? बाकीच्यांना कान धरून बसवायचीस, मला का सोडलंस? 'बेबे, काम हाय, आजच ये' म्हणायला तुझी जीभ का रेटली नाही? थोरल्या बहिणींनी एवढं समजूतदार असू नये गं. धाकट्यांचं वाटोळं होतं त्यानं.

बत्तिसावं भोक पहिल्या पानाला होतं; ते पान मी सगळ्यांत शेवटी धरलं.

ते पान तुझं नाही. माझ्या शाळेच्या वहीतलं आहे, चौरेघी, तू खळीनं डकवलेलं. त्याच्यावर माझं दहा वर्षांच्या वयाचं गिचमिड अक्षर. तू सोळा वर्षांची, रहाटावर कांड्या भरत बसलेली, आणि मी तुझी बाई. आठवतं?

"टू म्हंजे काय गं बेबे?"

"लई."

"आन व्हेरी?"

"ते बी लई."

"मग दोन दोन कशाला?"

"टू जास्त चांगला. मोठ्या माणसांना टू म्हणायचं."

मला काही ठाऊक नव्हतं! ऐटीत ठोकून दिलं. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पांढरं टेबलक्लॉथ विणून आणलंस, निळ्या काठाचं, आणि वर इंग्रजीत चिठ्ठी. 'दिस क्लॉथ इज टू स्ट्राँग. माय सिस्टर इज टू हॅपी इन युवर स्कूल. वुई आर टू थँकफुल.' मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टरनं ती वर्गात मोठ्यानं वाचली. म्हणाल्या, एवढं मजबूत कापड घेऊन आम्ही करायचं काय? सगळ्या मुली हसल्या. तू दारात उभी होतीस, परकराला हात पुसत. एका पोरीनं घरी विणून आणलेलं कापड हातात धरून तिच्या तोंडावर हसणाऱ्या त्या बाईचा मला आजही राग येतो. पण सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं? मी.

घरी चालत येताना तू विचारलंस, "का हसल्या गं समद्या?"

मी म्हणाले, "तुझं अक्षर घाणेरडं हाय म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून अक्षर गिरवायला बसलीस. दुकानाच्या पुड्यांच्या कागदावर, कांड्यांच्या खोक्यावर, पाटीवर, वर्षभर. मग तुझं अक्षर असं झालं की गल्लीतल्या लग्नपत्रिकांवरची नावं तूच घालायचीस. लोक वाहवा करायचे आणि तू माझ्याकडं बघून म्हणायचीस, "बेबीमुळं सुधारलं." मी दर वेळी मान खाली घालायचे. मला वाटायचं, बरं झालं, हिला कधीच कळलं नाही.

आणि ह्या पानाला भोक आहे! 'टू म्हणजे लई' ह्या ओळीशी. म्हणजे तुला कळलं होतं. कधी कळलं, आक्का? मॅट्रिकचा अभ्यास करताना? की त्याच दिवशी, चालता चालता? चूक तुझ्या अक्षराची नव्हती, माझी होती, आणि वर मी खोटं बोलले, हे तुला ठाऊक होतं. तू फक्त दोरा ओवलास. ओरडली नाहीस, लपवलंही नाहीस. उघड्या वहीत, पहिल्या पानावर, जन्मभर तो दोरा लोंबत होता. मी शोधावा म्हणून. आणि मी म्हणाले, साफसूफ करून घे!

तिथं दोरा मी स्वतः ओवला. कस्तुरीला ओवू दिला नाही. डोळ्यांना दिसेना, तीनदा बोटात सुई गेली.

तर ऐक. सुनील पुस्तिका छापेल, पण वहीवरनं, मागासकट, लईसकट, तुझ्या नावानं. एकही वाक्य बदललं तर मी त्याच्या काचेच्या दारात जाऊन बसेन. वही मात्र त्याला देणार नाही, स्कॅन त्याच्याकडं आहेतच. ती सोप्यातच राहील. सोमवारपासून मी येतेय. शनिवार नको, शनिवारचा माझ्यावर माझाच भरवसा नाही. कस्तुरीनं गल्लीत सांगितलंय, सात पोरी तयार आहेत. तुझी सतरंजी अंथरीन, तार ओढून दाखवीन. मला तुझ्यासारखं हसवता येणार नाही, पण सांगता येईल. पहिल्या दिवशी पहिलं पान उघडीन आणि सगळ्यांसमोर ती ओळ वाचीन. कुणी शिकवली, कोण हसलं आणि खोटं कोण बोललं, नावासकट सांगीन.

मग एकतीस प्रश्नांची उत्तरं एकेक करून लिहीन आणि तुझ्या वतीनं कस्तुरी ते दोरे सोडील. तिचा तो अधिकार आहे.

बत्तिसावा दोरा कुणी सोडायचा नाही. चूक मी सांगीन, दुरुस्त करीन, पण ती बघून 'झालं, सोड' म्हणणारं माणूस आता नाही. तो तसाच लोंबू दे. ह्या घराबाहेर न जाणारी एक साडी समज.

तुझी धाकटी,
बेबी